शनिवारची रांग

बाई, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर टिप्पर आला आणि त्यानं खोखोच्या दोन खांबांच्या मधोमध खडी ओतली. मी व्हरांड्यात उभी होते. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मॅडम, इथंच का अजून मागं घेऊ?" मी म्हटलं, "इथंच." धूळ खाली बसेपर्यंत मी थांबले आणि मग आत जाऊन मूल्यमापनाचे तक्ते भरत बसले. आता त्या खडीवर पेव्हर ब्लॉक बसलेत, वर पत्र्याचं शेड आहे, आणि शनिवारी दुपारी शेडमध्ये मुली टेस्ट देतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेत तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यामुळे हे कुणाला सांगावं असा प्रश्न पडला की तुम्हीच उरता. तुमच्या हाताखाली मी शिकले, नांदेडला जाऊन बी.एड. केलं, लातूरला परत येऊन तुमच्याच शाळेत मराठी शिकवू लागले, आणि तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी तुमचा शनिवार माझ्याकडे दिलात. तो माझ्याकडे असतानाच गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही कशाची वाट बघणार नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही डबे खायचो आणि मग तुमची रांग लागायची. तुम्ही गणिताच्या. खेळाला शिक्षक शाळेला कधी मिळालेच नाहीत, म्हणून तुम्ही स्वतःच पुस्तक आणून खोखो शिकलात आणि आम्हाला शिकवलात. पण खेळाआधी खडे. मुली अनवाणी खेळायच्या, आणि आपलं मैदान म्हणजे मुरमाड माळच होता. कितीही वेचले तरी पुढच्या शनिवारी खालचे नवे खडे वर आलेले असायचे. खेळणारी असो की नसो, थांबलेली प्रत्येक मुलगी एका रांगेत उभी राहायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि सगळी रांग मिळून वाकत वाकत पुढे सरकायची. खडे स्कर्टच्या ओच्यात. मग डबे आणि हात धुतलेलं पाणी पाट्यांवर, म्हणजे खेळताना जिथं मुली बसतात त्या ओळीवर शिंपडायचं. आपल्याकडे नळाला पाणी कधी यायचं ते तुम्हाला आठवत असेलच, त्यामुळे एक घोटही गटारात गेलेला तुम्हाला चालायचा नाही. आणि मग तुम्ही पायरीवर बसायचात, नेलकटर घेऊन. खो देताना पाठीला नख लागतं म्हणून प्रत्येकीचा हात तुमच्या मांडीवर यायचा. मेंदीचा, शेणाचा, शाईचा, कसलाही. मला वाटतं त्या वयात माझा हात इतका वेळ धरून बसलेलं दुसरं कुणी नव्हतं. हे लिहिताना मी जरा थांबते, कारण खरंच असं होतं की आता तसं आठवायला मला आवडतं, हे मला नक्की सांगता येत नाही. हात धरलेला मात्र नक्की आठवतो. तुमचा तळवा कोरडा होता, खडूनं पांढरा झालेला.

एकदा तुम्ही मला सगळ्यांसमोर ओरडलात. मला वाकून वेचायचा कंटाळा यायचा, म्हणून मी माझ्या पट्टीतले दिसतील ते खडे भराभर उचलून पार पुढे गेले होते.

"ए पुढारी, कुठं निघालीस? मागं ये."

"बाई, माझी पट्टी झाली."

"तुझी पट्टी? बापाचं रान हाय का हे, पट्टी पाडायला? शेजारणीची राहिली ना? घाल तिच्यात हात."

शेजारीण म्हणजे गंजगोलाईच्या बाजारामागे गाद्या भरणाऱ्यांची मुलगी. पळायला सगळ्या शाळेत तिच्यासारखी कुणी नव्हती, पण खडे वेचायची ते कापसातली सरकी वेचल्यासारखे, एकेक, बोटांनी माती चाळत. मी रागानं तिच्या पट्टीत बसले. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बरं झालं, बोलणी खाल्लीस. एकटीला कंटाळा आलता." तेव्हापासून आमची मैत्री. ती अजून आहे, आणि या पत्रात तिचंच जास्त येणार आहे.

औशाला सामने होते तेव्हा आपण हरलो आणि परतीच्या एस.टी.ला वेळ होता, म्हणून तुम्ही सगळ्या संघाला तिथल्या तुमच्या घरी नेलंत. ओसरीवर तुमच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही सगळ्या धुळीनं माखलेल्या, काही रडवेल्या. तुम्ही सरळ स्वयंपाकघरात घुसलात आणि मुरमुऱ्यांची सुशीला करायला घेतलीत. आम्ही आत शिरलो, पण ती गादीवाल्यांची दाराबाहेरच थांबली. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची गं?" तुम्ही कांदा चिरता चिरता म्हणालात, "माझीच हाय, नववी ब मधली. ये आत गं, ते मुरमुरे भिजलेत, पिळून दे." ती आत आली. तिनं मुरमुरे इतके घट्ट पिळले की त्यांचा लगदा झाला. आपण सगळ्यांनी तो लगदा तिखटमीठ घालून खाल्ला. सासूबाईंनी खाल्ला नाही. पण त्यांनी शेंगांनी भरलेलं सूप तिच्यापुढे सरकवलं, एवढं मी पाहिलं. तुम्ही त्या दिवशी हरण्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मला तुमचं हेच शिकायचं होतं आणि हेच आलं नाही.

माझ्या काळात शनिवार लगेच आटला असं नाही, बाई. उलट तो वाढला. झाडं लावणं, मातीचे बीजगोळे, भित्तिपत्रक, पथनाट्य, योगासनं, कागदाच्या पिशव्या. वरून सूचना येत गेल्या आणि मी एकेक उपक्रम घेत गेले. मला ते आवडायचं. प्रत्येक उपक्रमाला बॅनर लागायचा, बॅनरसमोर फोटो, आणि फोटो संध्याकाळच्या आत ग्रुपवर. खडे वेचणं हाही उपक्रम झाला. त्याला 'स्वच्छ मैदान' असं नाव मीच दिलं. मुली ओंजळीत खडे धरून ओळीनं उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, झाला का फोटो? टाकू का आता खाली?" कधी कधी फोटो नीट यायचा नाही, मग टाकलेले खडे पुन्हा उचलायचे. यावर मी खूप विचार केला आहे. सगळं तिथूनच बिघडलं असं म्हणायचा मोह होतो, पण तसं म्हटलं की मी मोबाइलवर ढकलून मोकळी होते, आणि ते खरं नाही. फोटो नसते काढले तरी मुली कमीच होत गेल्या असत्या. पाचवीच्या दोन तुकड्यांची एक झाली. शहरात प्रत्येक चौकात क्लासचे फलक आहेत, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे चेहरे, आणि गावाकडून पालक थेट त्या चेहऱ्यांकडे येतात. शाळा त्यांना मध्ये कुठेतरी लागते, दाखल्यापुरती.

गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. मान खाली घालूनच बोलले.

"मॅडम, मुरुडकडच्या, औशाकडच्या पोरी आता आपल्याकडं येईनात. क्लासवाले आपल्या इमारतीत यायला तयार हायेत. आठवीपासून बॅच करतो म्हणतेत. त्यांना शनिवार पाहिजे, आणि मोठा हॉल पाहिजे."

"आपल्याकडे हॉल कुठं आहे?"

"मैदान हाय की. वर शेड टाकायचं, खाली ब्लॉक."

"आणि मुलींनी खेळायचं कुठं?"

"मॅडम, मुलीच न्हाई राहिल्या तर खेळणार कोण? तुम्ही आणि मी?"

मी हसले नाही. मी म्हटलं, पालकसभा घ्या, पालक नको म्हणाले तर? ते म्हणाले, तर नको, माझं काय अडलंय. त्यांनी शब्द दिला आणि पुढे तो पाळलाही. म्हणजे मैदान राहील की जाईल हे पालकांवर आलं, आणि पालकांमध्ये माझं हक्काचं माणूस एकच होतं. गादीवाल्यांच्या त्या मुलीची मुलगी आज आपल्या शाळेत नववीत आहे. खोखोची कप्तान. आईसारखीच पळते, खांबाला वळसा घालताना दिसतसुद्धा नाही.

मी मैत्रिणीच्या घरी गेले. ती रजईला टाके घालत बसली होती.

"या मास्तरीणबाई! आज दिवस कुणीकडं उगवला म्हणायचा?"

"तुझ्याकडं काम आहे."

"ते दिसायलंय तोंडावर. कामाबिगर तू कधी आलीस? बस. चहा घेतीस का तुमच्या स्टाफरूममध्ये लई झाला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती टाके घालत ऐकत होती. मग म्हणाली, "येते की. बोलते बी. मला काय बोलायला शिकवावं लागतंय? बाईंचं नाव काढते आणि रडवते बघ सगळ्यांला." मग आम्ही तुमच्याबद्दल बोलत बसलो. नेलकटरनं एकदा माझ्या बोटाचं कातडं निघालं होतं आणि मी अख्खं मैदान डोक्यावर घेतलं होतं, असं ती म्हणत होती. मी म्हणत होते की ते बोट तिचं होतं. "चल, झूठी," ती म्हणाली, "तू बोंबललीस आणि बाईंनी गप बसवायला तुला त्यांच्या डब्यातला धपाटा दिला. मला म्हणून लक्षात हाय, मला दिला नव्हता." आम्ही इतक्या हसलो की तिची मुलगी आतून वही घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अम्मी, मेरा पेपर है कल." आम्ही आवाज कमी केला. तिच्या घरून निघताना मला फार बरं वाटत होतं. मी चालत घरी गेले. रिक्षा केली नाही.

सभेला पालक बरेच आले. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव वाचून दाखवला, क्लासवाल्यांचा एक तरुण मुलगा टाय लावून बोलून गेला, आणि मग सरांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. मी तिच्याकडे पाहिलं. ती उठली. बुरख्याची ओढणी नीट केली आणि बोलायला लागली. बाई, ती फार सुंदर बोलली. रांग कशी लागायची, डब्याचं पाणी कसं जपायचो, तुमच्या मांडीवर हात ठेवून नखं कशी कापून घ्यायचो, तुमच्या घरी मुरमुऱ्यांचा लगदा कसा केला. लोक हसले. एक आजोबा मान हलवत "खरंय, खरंय" म्हणाले. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग ती खिडकीकडे वळली. तिची मुलगी खिडकीबाहेर मैत्रिणींबरोबर उभी होती, तिच्याकडे तिनं पाहिलं असावं.

"सर, इतकं चांगलं शिकवलं बाईंनी. आणि बारावीत असताना माझं लग्न झालं. माझ्याबरोबरच्या रांगेतल्या किती पोरी शिकल्या? ह्या मॅडम शिकल्या. अजून कुणी असेल एखादी. बाकी आम्ही सगळ्या चुलीपुढं. बाईंनी आम्हाला सगळ्यांनी मिळून चालायला शिकवलं, पण परीक्षेला एकटीलाच बसावं लागतंय. माझ्या पोरीला त्या परीक्षेला बसू द्या. शनिवारी क्लास चालू करा, मला तर पाहिजे."

टाळ्या वाजल्या. आधी थोड्या, मग सगळ्यांच्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला बोलायला हवं होतं. मी मनात उत्तर जुळवत होते, की मी शिकले ती त्या रांगेमुळेच. पण ते खरं आहे का हे मला कळेना. मी शिकले ती माझ्या मामांनी नांदेडला ठेवून घेतलं म्हणून, हेही तितकंच खरं आहे. रांग तर सगळ्यांना तीच होती. तिलाही तीच होती, आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे तुम्हालाही माहीत होतं. मी उठलेच नाही.

सभा संपल्यावर ती फाटकाशी थांबली होती.

"राग आला का गं?"

"नाही."

"खरं सांग. मी तुला फसवायला नव्हते आले. घरून निघाले तेव्हा दुसरंच बोलणार होते. त्या दिवशी तुझ्यापुढं बोलले ते बी खोटं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग चल घरी. चहा पी."

मी म्हटलं, तास आहे. तास नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मुलीला मैदानावर बोलावलं. मला अजून एक आशा होती, ती म्हणजे स्वतः मुली. त्यांनी हट्ट धरला असता तर मी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेले असते. मी विचारलं, तुला काय वाटतं? आईला सांगणार नाही. ती बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. हल्ली मुली बूट घालूनच खेळतात, त्यामुळे खड्यांचं त्यांना फारसं काही वाटत नाही, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, पळायला मला लई आवडतं. पण पळताना बी डोक्यात चालूच असतंय, की बाकीच्या आता अभ्यास करायल्यात. मग बसले की पाय दुखायच्या आधी जीव घाबरतो. मैदान नसलेलंच बरं. नसलं की वाटणार न्हाई." मी विचारलं, आणि संघ? ती म्हणाली, "सगळ्या एकाच बॅचला आहोत ना, मॅडम." हे तिनं मला धीर देण्यासाठी म्हटलं होतं, म्हणून मी "बरं" म्हटलं. तुम्ही तिला काय म्हणाला असतात, बाई? मी खूप शोधलं. पूर्वी मी ज्याला त्याला सांगायचे की तुम्ही असतात तर हे होऊ दिलं नसतं. आता वाटतं, तुम्ही असतात तर तुम्हीही हरला असतात, फक्त माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. तिच्या आईला काय उत्तर दिलं असतंत, तेही मला सुचत नाही. ती तुमचीच, नववी ब मधली.

शाळा उघडल्यावर खांब काढले, त्या दिवशी मी रजा घेतली नाही. उभं राहून पाहावं असं वाटलं, पण नववीला कविता शिकवायची होती, ती शिकवली. खांब आता जिन्याखाली आडवे पडलेत आणि मुली त्यांच्यावर बसून डबा खातात. शेडमध्ये पंखे आहेत, दर बाकावर एक मुलगी, मध्ये अंतर सोडलेलं. कुणी कुणाकडे पाहत नाही, म्हणजे पाहायचं नसतंच. त्यातल्या काही डॉक्टर होतील. खरंच होतील, आणि मला त्याचा आनंदच होईल, निदान व्हायला हवा. बहुतेक होणार नाहीत, आणि त्या कुठल्या फलकावर दिसणार नाहीत. त्यांचं काय करायचं हे क्लासवाल्या मुलाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तुमच्या रांगेत निदान मागं राहिलेल्या मुलीसाठी थांबायचं असं ठरलेलं होतं. पण थांबून आम्ही कुठं पोहोचलो, असं मैत्रिणीनं सभेत विचारलंच होतं.

मैत्रीण अजून फोन करते. ईदला तिनं शीरखुर्मा पाठवला. मी डबा धुऊन परत केला, आत काही घालून द्यायचं असतं ते विसरले. की विसरले नाही, ते मी स्वतःला विचारलं.

हे कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही, मला कळतं. औशाला तुमच्या घरी आता कोण राहतं तेही मला ठाऊक नाही. पण पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, आणि त्याचं कारण एवढंच आहे. टेस्टवर क्लासची माणसं असतात, आम्हाला शनिवारी साडेअकरालाच सुट्टी मिळते. पहिल्या शनिवारी मी शेडच्या कडेला थोडा वेळ उभी राहिले, मग घरी गेले, गरम जेवले आणि आडवी झाले. किती वर्षांनी दुपारी झोपले असेन. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं, अंग हलकं झालं होतं, पाठ दुखत नव्हती. मला वाईट वाटेल म्हणून मी पडून वाट बघितली. वाटलं नाही. आज शुक्रवार आहे, बाई, आणि उद्या शनिवार आहे याचं मला बरं वाटतंय.